पहाटेचा सेल्फ

निफाडची आठवण उरलेल्या महाराष्ट्राला डिसेंबर-जानेवारीतच येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच अंशांखाली उतरला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात द्राक्षाच्या पानावर गोठलेल्या दवाचा फोटो येतो. पुण्या-मुंबईची माणसं ‘बाप रे’ म्हणतात आणि पान उलटतात. गव्हा-हरभऱ्याला ही थंडी मानवते. द्राक्षाला मानवत नाही, मणी तडकतात. म्हणून बागाईतदार रात्री बागेत शेकोट्या करून धूर धरतात, पहाटे ठिबकने विहिरीचं कोमट पाणी सोडतात. हे सगळं छापून येतं. त्याच पहाटे गावोगावच्या अंगणांत पिकअपचा सेल्फ कण्हत असतो आणि गाडी काही उठत नसते, त्याची बातमी होत नाही.

खरं तर हा सगळा पट्टा पहाटेवरच जगतो. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या उजाडायच्या आत नाशिकला पोचायला हव्यात, नाहीतर कसारा घाट उतरून मुंबईच्या वाटेला लागलेल्या हव्यात. लाल कांदा लासलगावला किंवा पिंपळगाव बसवंतला लिलावाच्या रांगेत लावायचा तर अंधारात निघावं लागतं. यातली बरीचशी वाहतूक पिकअपवर. टाटांची ४०७ १९८६ पासून रस्त्यावर होती. २००५ साली ‘एस’ आली आणि लोकांनी तिचा ‘छोटा हत्ती’ करून टाकला. या दोघींच्या मधली जागा दीड टनाच्या आसपास माल ओढणाऱ्या पिकअपनी धरली. मालक आणि चालक बहुधा एकच असतो. गाडीवर हप्ता असतो. भाडं ठरतं ते वेळेवर. गाडी अर्धा तास उशिरा उठली तर मेथी तीच राहते, भाव तो राहत नाही.

पिंपळगाव-निफाड रस्त्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये अशा गाड्या बघणारे एक मिस्तरी आहेत. वय साठीच्या पुढे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी गेलो तेव्हा चांदोरीकडचा एक तरुण गाडीमालक तक्रार घेऊन उभा होता. गाडी बारा-तेरा वर्षांची, जुन्या धाटणीच्या पंपाची.

“चाचा, दिवाळीत नवी बॅटरी टाकली. तरी रोज सकाळी चार पोरं लागतात ढकलायला.”

“दुपारी होते का चालू?”

“दुपारी एका चावीत.”

“मग सेल्फ कसा फिरतो ते सांग. आवाज काढून दाखव.”

मालक जरा लाजला. मग भर रस्त्यात त्याने आवाज काढून दाखवला. घर्र, घर्र, आणि मग लांबत गेलेलं एक घ...र्र. चाचा डोळे मिटून ऐकत होते. मला त्यात विनोद दिसत होता, त्यांना नव्हता. कारण गाडी सुरू होत नाही ही एक तक्रार नसतेच. चावी फिरवल्यावर नुसता ‘टक्’ आवाज येऊन सगळं शांत झालं तर दोष टर्मिनलमध्ये, सोलेनॉइडमध्ये किंवा पार बसलेल्या बॅटरीत. सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर डिझेल किंवा हीटर प्लग. आणि सेल्फच जड फिरत असेल तर आधी विजेची वाट तपासायची, बाकी सगळं नंतर.

“धूर?”

“पांढरा. डोळे चुरचुरतात.”

हाही नेमका प्रश्न होता. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय पण पेटत नाहीये. धूरच नसता तर डिझेल वाटेत कुठे अडलंय हे शोधावं लागलं असतं. दोन प्रश्नांत चाचांनी अर्धी गाडी बाजूला काढली होती, बोनट न उघडता. “आज गरम आहे गाडी. रात्रभर इथेच सोड,” ते म्हणाले. “ताप उतरल्यावर डॉक्टरकडे आणून काय उपयोग?”

थंडीतली ही दुखणी डिझेलच्या गाड्यांना जास्त का होतात, याचं मूळ इंजिनाच्या कल्पनेतच आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते. रुडॉल्फ डिझेलने ठिणगीच काढून टाकली. १८९७ साली जर्मनीत ऑग्सबुर्गला त्याचं इंजिन नीट चाललं, त्यात हवा इतकी दाबली जाते की ती स्वतःच तापते, आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेलं इंधन आपोआप पेट घेतं. आजच्या पिकअपच्या सिलिंडरमध्ये हवेचं आकारमान सोळा ते वीस पटींनी कमी होतं. चालत्या इंजिनात ती पाचशे अंशांच्या पुढे जाते आणि डिझेल पेटायला त्याच्या निम्मं तापमानही पुरतं. मग अडचण कुठे येते?

अडचण सुरुवातीच्या हवेत आहे. दुपारी आत जाणारी हवा ३० अंशांची, पहाटे ३ अंशांची. फरक २७ अंशांचा. पण दाबल्यावर तापमान बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतं. ढोबळ हिशेब मांडला तर दाबाच्या शेवटी तोच फरक साठ-सत्तर अंशांचा होतो. शिवाय सिलिंडरच्या भिंती गार असतात, त्या उष्णता शोषून घेतात. सेल्फ जितका हळू फिरेल तितका वेळ हवेला निवायला आणि पिस्टनच्या रिंगांमधून निसटायला मिळतो. दुसरीकडे बॅटरी. तिच्या आत शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल यांच्यात जी क्रिया चालते ती गारठ्यात मंदावते; शून्य अंशापाशी, उन्हाळ्याच्या मानाने, सेल्फ ओढण्याची तिची साधारण एक तृतीयांश ताकद कमी झालेली असते. तिसरीकडे ऑइल घट्ट झालेलं, म्हणजे इंजिन फिरवायला जास्त जोर हवा. जोर हवा तेव्हाच जोर कमी, आणि वेग हवा तेव्हाच वेग कमी. थंडी सहसा काही बिघडवत नाही. जे आधीच अर्धवट बिघडलेलं असतं आणि दुपारच्या उबेत खपून जातं, ते पहाटे खपत नाही.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत शेडमध्ये पोचलो. काचेवर दव जमलेलं. चाचा कानटोपीत, हातात मल्टिमीटर. असल्या शेडमध्ये मल्टिमीटर बघून मला बरं वाटलं, कारण या धंद्यात निदानाची सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे नवा पार्ट टाकून बघणे. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. पंपावर डिझेल बंद करणारा जो सोलेनॉइड असतो त्याची वायर त्यांनी काढून ठेवली, म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन चालू होणार नाही. मोजायला निवांत वेळ मिळतो.

आधी नुसती बॅटरी मोजली: १२.६ व्होल्ट. भरलेली, निरोगी. मग हाताखालच्या पोराला सेल्फ मारायला सांगितला. मीटर १०.६ वर आलं. सेल्फ मारताना ते ९.६ च्या खाली गेलं नाही तर बॅटरीला दोष द्यायचा नाही. मग मीटरची एक तार सेल्फच्या तांब्याच्या बोल्टवर आणि दुसरी सेल्फच्या बॉडीवर. पुन्हा चावी. आकडा ८.८.

“कुठे गेले दोन व्होल्ट?” चाचांनी मालकाला विचारलं. मालक गप्प.

मग खरी गंमत. मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसच्या खांबावर, दुसरी थेट इंजिनच्या ब्लॉकवर. हा सगळा लोखंडा-तांब्याचा सलग रस्ता, इथे मीटरने जवळपास काहीच दाखवू नये. फार तर दोन-चार दशांश. सेल्फ फिरला आणि मीटरने १.६ दाखवलं. म्हणजे बॅटरीतून निघालेले दीड-पावणेदोन व्होल्ट परतीच्या वाटेवरच खर्च होत होते. सेल्फ त्या वेळी दोनशे अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. हिशेब केला तर अडथळा निघतो ०.००८ ओहम, म्हणजे एका ओहमचा शंभरावा हिस्सासुद्धा नाही. घरातला बल्ब या अडथळ्यातून मजेत लागेल, दुपारी सेल्फही फिरेल. पहाटे नाही.

चाचा गाडीखाली शिरले. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून ते चासीला जोडायला विणलेल्या तांब्याची एक पट्टी असते, अर्थिंगची. बाहेरून ती धड दिसत होती, नुसती काळी पडलेली. पान्याने बोल्ट सोडवला तेव्हा वॉशरखाली हिरवं आणि पांढरं बुरशीसारखं काहीतरी निघालं, आणि पट्टीच्या टोकाच्या निम्म्याहून जास्त तारा हाताला लागताच सुटून आल्या. कांद्याची माती, पावसाळ्याचं पाणी, द्राक्षावरच्या औषधांचे डाग, वर्षानुवर्षं. मालक शेतकऱ्याच्या घरातला, त्याला चाचांनी त्याच्याच भाषेत सांगितलं, “विहिरीला पाणी भरपूर आहे, पण चारीच्या तोंडाशी गवत माजलंय. तू दरवर्षी विहीर खोल करतोस.”

चासीचा रंग पॉलिश पेपरने घासून लोखंड चमकवलं, नवी पट्टी लावली, वरून ग्रीस. ग्रीस आधी नाही, बोल्ट आवळल्यावर. हे पोराला त्यांनी दोनदा सांगितलं. पुन्हा मोजलं: ०.२. सेल्फचा आवाज मलाही ओळखू येण्याइतका बदलला होता.

आता त्या नव्या बॅटरीबद्दल. दर हिवाळ्यात या भागात किती धडधाकट बॅटऱ्या बदलल्या जात असतील याचा मला प्रश्न पडतो. बॅटरी समोर दिसते, दुकानात लगेच मिळते, जुनी दिली की शिशाच्या भावाने सूट मिळते. आणि गंमत अशी की नवी टाकल्यावर काही दिवस फरकही पडतो, कारण अडथळा तसाच ठेवून मागून जोर वाढवलेला असतो. अर्थिंगची पट्टी विकून कोणी मोठा होत नाही. बॅटरी खरोखर खराब असतेच कधी कधी. तासभर माल भरताना चालू ठेवलेला टेप, हौसेने लावलेल्या रंगीत एलईडीच्या माळा, जोडीला दोन जास्तीचे हॉर्न, आणि गाडी गावातल्या गावातच फिरणार, म्हणजे डायनामोला ती भरायला वेळच नाही. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर थर धरतो आणि तो पुढे सुटत नाही. इंजिन चालू असताना मीटरने १३.८ ते १४.४ दाखवलं पाहिजे. ते दाखवत नसेल तर बॅटरी कितीही नवी आणा, काही आठवड्यांत तिचीही तीच गत.

सेल्फ सुटला तरी इंजिन लगेच पकडेना. सोलेनॉइडची वायर परत लावली, पोराने चावी फिरवली. बराच वेळ फिरल्यावर खोकत, पांढरा धूर ओकत ते चालू झालं. धक्का लागला नाही एवढंच. मालक खूश होता, चाचा नव्हते.

“चावी पहिल्या खटक्यावर थांबवतोस का?”

“कशाला?”

डॅशबोर्डवर स्प्रिंगच्या वेटोळ्याचं एक पिवळं चिन्ह लागतं, ते विझेपर्यंत थांबायचं असतं, हे या मालकाला कोणी सांगितलंच नव्हतं. सिलिंडरच्या डोक्यात प्रत्येकी एक बोटाएवढी बारीक कांडी बसवलेली असते, हीटर प्लग. करंट मिळाला की तिचं टोक काही सेकंदांत लालबुंद होतं, ८०० अंशांच्या पुढे, आणि गार हवेत फवारलेल्या डिझेलला पेटायला तेवढा एक तापलेला ठिपका पुरतो. जुन्या प्लगना यासाठी मिनिटभर लागायचं. जर्मन चालक त्याला गमतीने रुडॉल्फ डिझेलच्या स्मृतीसाठी पाळलेलं मिनिट म्हणत. आताचे प्लग फार तर पाच-दहा सेकंद मागतात. तेवढंही आपल्याकडे दिलं जात नाही. घाईत असलेला माणूस एका झटक्यात चावी शेवटपर्यंत नेतो, आणि मग पाच मिनिटं सेल्फ मारतो.

प्लग तपासायची चाचांची रीत साधी. चारही प्लगना जोडणारी पट्टी काढली, म्हणजे ते एकमेकांपासून सुटे झाले. टेस्ट लॅम्पची एक तार बॅटरीच्या प्लसला लावली आणि टोक प्रत्येक प्लगच्या डोक्यावर टेकवत गेले. पहिल्यावर दिवा लागला. दुसऱ्यावर नाही. तिसऱ्यावर लागला. चौथ्यावर नाही. दोन जळालेले. चांगले चारही असले तर मिळून चाळीस-पन्नास अँपिअर सहज ओढतात, म्हणून त्यांचा रिलेही पाहिला. तो ठीक होता. दुपारी इंजिन गरम असताना प्लग काढले, मुळाशी आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल सोडून ठेवलेलं होतं. इथे जबरदस्ती केली आणि प्लग आत तुटला, तर हेड उतरवावं लागतं. मग शंभरांतल्या कामाचं हजारांतलं काम होतं. चाचांचा हात पान्यावर इतक्या सावकाश फिरत होता की शेजारी उभा असलेला मालक अस्वस्थ झाला. दोनच बदला, असं तो म्हणत होता. चाचांनी चारही बदलले.

हीटर प्लगवर पैसे घालण्याऐवजी लोक काय काय करतात ते या निमित्ताने ऐकायला मिळालं. डिझेलमध्ये बुडवलेला बोळा पेटवून हवेच्या नळीपाशी धरणं सगळ्यांत जुनं. त्यात एअर फिल्टरचा कागद पेटलेला चाचांनी पाहिला आहे. दुसरा प्रकार ईथरच्या फवाऱ्याचा. तो फार कमी तापमानाला पेटतो, पिस्टन वर पोचायच्या आधीच. लालबुंद हीटर प्लग असलेल्या इंजिनात तो मारणं म्हणजे रिंगा आणि पिस्टन फोडायला निमंत्रण. आणि दुसऱ्या गिअरात टाकून ढकलणं. वीस-वीस किलोंचे साठ क्रेट भरलेले असतील तर बाराशे किलोंचा नुसता मालच होतो. धक्का मारणारी पोरं थंडीत उठून येतात हीच त्या गावाची माणुसकी.

डिझेलच गोठत असेल, असंही बरेच जण म्हणतात. निफाडात तसं सहसा होत नाही. डिझेलमधलं मेण गारठ्यात साकळतं आणि फिल्टर चोंदवतं हे खरं, पण इथला कडाका पहाटेचे काही तास असतो. भरल्या टाकीतलं डिझेल तेवढं गार होईपर्यंत उजाडतं. खरा गोठणारा मुलूख लडाखचा. तिथे टाकीखाली स्टोव्ह नाहीतर जाळ ठेवून डिझेल पातळ करायची रीत होती. २०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने पानिपतच्या रिफायनरीत बनवलेलं हिवाळी डिझेल तिथे आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. आपल्याकडे डिझेलचा दोष वेगळाच असतो: एअर धरणं. बँजो बोल्टखालचं तांब्याचं वॉशर दबलेलं, नळीला बारीक चीर. थेंब बाहेर गळत नाही, पण रात्रभरात हवा आत जाते आणि नळीतलं डिझेल टाकीकडे परत उतरतं. गाडी चढावर तोंड करून उभी असेल तर हमखास. ओळख एकच: सेल्फ जोरात फिरतो, धूर मात्र येत नाही. फिल्टरवरचा हातपंप दाबून कडक झाला आणि त्यानंतर गाडी झटक्यात उठली, तर चोर सापडला. रिकाम्या टाकीत रात्री दव धरतं ते पाणी वेगळं. फिल्टरखालचा बोल्ट सोडून ते काढायचं काम पाच मिनिटांचं आहे आणि ते कोणी करत नाही.

ऑइलच्या बाबतीत तर उलटा सल्ला चालतो. जुनं इंजिन ऑइल खायला लागलं की लोक जाड ऑइल भरतात, धूर कमी होतो, समाधान वाटतं. डब्यावरच्या आकड्यांतला डब्ल्यूच्या आधीचा आकडा गारठ्यातल्या वाहतेपणाचा असतो. १५डब्ल्यू ऑइल उणे २० अंशांना तपासतात, २०डब्ल्यू उणे १५ ला. निफाडच्या तीन अंशांना दोन्ही चालतील, पण कंपनीने सांगितलेलं सोडून त्याहून जाड भरलं की झिजलेल्या इंजिनाचा दोष झाकला जातो आणि त्याचं बिल पहाटे सेल्फच्या नावावर फाटतं.

एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले. या गाड्यांत कॉमन रेल आहे: पंप आधी एका नळीत दाब साठवतो, आणि तो शेकडो बारपर्यंत चढल्याशिवाय कॉम्प्युटर नोझल उघडू देत नाही. म्हणजे सेल्फ जड फिरला तर डिझेल फवारलंच जात नाही. आणि सेल्फ मारताना व्होल्टेज फारच पडलं तर कॉम्प्युटर स्वतःच गडबडतो. धक्का मारून अशा गाड्या फसवता येतातच असं नाही. नाशिकमध्ये सातपूरला ‘मायको’त, म्हणजे आता बॉशमध्ये, डिझेलची नोझल बनतात, २००८ साली कंपनीचं नाव बदललं तरी नाशिककरांच्या तोंडी मायकोच आहे. त्या शहराच्या जिल्ह्यात, त्याच नोझलच्या गाड्या मिस्तरींकडे स्कॅनर नाही म्हणून दिवस दिवस उभ्या राहतात. चाचांकडेही स्कॅनर नाही. मात्र नव्या गाडीतसुद्धा ते आधी अर्थिंगची पट्टीच मोजतात, आणि त्यांच्या म्हणण्यानुसार बऱ्याच वेळा तिथूनच परत येतात.

त्या पिकअपला आणखी एक रात्र शेडमध्येच ठेवून घेतलं. सकाळी मालक आला, पिवळं चिन्ह विझेपर्यंत थांबला, चावी फिरवली. इंजिनाने लगेच पकडलं. मागून थोडा पांढरा धूर आला, साधारण अर्धा मिनिट, मग विरला. मालकाने पैसे काढले. चाचा सायलेन्सरच्या मागे उभे राहून तो धूर बघत होते.

“आता काय राहिलं, चाचा?”

“एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी आहे. उबेला आलं की भरून काढतंय.”

“मग खोलायचं का इंजिन?”

“आत्ता नको. द्राक्षं जाऊ दे. एप्रिलमध्ये घेऊन ये, आणि नोझलसुद्धा काढून तपासू. तोपर्यंत ते जाड ऑइल टाकू नको, आणि गाडी उतारावर लाव.”

मालकाने मोबाइलमध्ये काहीतरी टिपून घेतलं, जुनी पट्टी मागून घेतली आणि बॅटरीवाल्याकडे वळायचंय म्हणून गाडी पिंपळगावच्या दिशेने काढली.